शिरबंदरचा हरवलेला दीपस्तंभ

ही हकिगत दोन हजार तेवीस सालातली. दिवाळी नुकतीच आटोपली होती, आणि माझ्या स्मरणशक्तीला तोवर कुणी नावं ठेवलेली नव्हती!

साताऱ्यात आमच्या आळीत कुणाला काही जुनं आठवेनासं झालं, की तो सरळ आमच्या दारात येतो. कुणाच्या मुंजीत जिलबी कमी पडली, कुणाच्या लग्नात नवरदेवाचे बूट समजून भटजींच्या चपला पळवल्या, पोवई नाक्यावरचं कुठलं झाड कधी पाडलं, सगळं मला तोंडपाठ. "गोदावरीबाई म्हणजे चालतंबोलतं दप्तर," असं लोक म्हणतात. मी मान डोलावते. खोटा विनय मला जमत नाही!

आमची नात सई फोटोग्राफी शिकली. कोकणात शिरबंदर म्हणून लहानसं गाव आहे, तिथल्या नगरपंचायतीने तिला सहा महिन्यांसाठी नेमलं. काम असं, की गावाचे जुने फोटो जमवायचे, त्याच जागी उभं राहून नवे काढायचे, आणि जुना-नवा शेजारी लावून प्रदर्शन मांडायचं. प्रदर्शन गाजलं, तर बंदरावरच्या जुन्या जकात कचेरीत कायमचं संग्रहालय होणार आणि ते सईच्या ताब्यात येणार. नाही गाजलं, तर सई परत साताऱ्यात येणार आणि "नवरीच्या मामी, जरा हसा" म्हणत जन्मभर लग्नांचे फोटो काढणार. पोरीने त्या संग्रहालयापायी झोप घालवली होती.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"आजी, धक्का आहे, मासळीबाजार आहे, शाळा आहे. पण लोक बघून जागीच थांबतील, असा एकही फोटो नाही गं. मुख्याधिकारी मॅडम म्हणाल्या, एवढ्यावर संग्रहालय नाही व्हायचं."

"अगं मग माझा घे की!" मी म्हटलं.

आमच्या पुढच्या खोलीत काचेच्या चौकटीत एक फोटो आहे. सदुसष्ट साली आमचं लग्न झालं आणि आम्ही चार दिवस शिरबंदरला गेलो होतो, ह्यांच्या एका मित्राकडे. फोटोत मी नववधू, हे शेजारी ताठ, जणू आत्ताच कुणी 'सावधान' म्हटलंय! डावीकडे उंच दीपस्तंभ, उजवीकडे वाकलेला माड, मागे फुटणारी लाट आणि वर तीन पक्षी. वाऱ्याने माझा पदर उडत होता, मी तो दातात धरला होता, आणि फोटोवाला ओरडला होता, "वहिनी, पदर सोडा!" सगळं मला काल घडल्यासारखं आठवत होतं.

सईने मोबाइलवर फोटो पाहिला आणि किंचाळलीच. "आजी! दीपस्तंभ! इथं आता दीपस्तंभ नाहीच! पण थांब... सरकारी नकाशातही कुठं दिसत नाही."

"नकाशा काढणारा तिथं गेला होता का? मी गेले होते!"

"आणि आकाशात ही आडवी रेघ कसली?"

"विमान गेलं असेल."

"पायाशी झालरीसारखं?"

"शेवाळ!" मी निकाल दिला. मग वर्तमानपत्रामागे बसलेल्या ह्यांना विचारलं, "अहो, शिरबंदरचा समुद्र आठवतोय ना?"

"आठवतोय," वर्तमानपत्रामागून उत्तर आलं.

झालं! दुसरा साक्षीदार मिळाला.

आठवड्याभरात आम्ही दोघं गाडी करून निघालो. पाटणला चहा, कुंभार्ली घाटात लिंबू, आणि सबंध वाट चौकट माझ्या मांडीवर, तान्ह्या बाळासारखी. हे खिडकीबाहेर बघत होते. हे नेहमी खिडकीबाहेरच बघतात.

आता दीपस्तंभाची नेमकी जागा शोधायची होती, कारण नवा फोटो तिथूनच निघायचा. सई आम्हाला गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडे घेऊन गेली. भिकाजी तांडेल. वय शहाऐंशी, पण होडीच्या दोरासारखे पिळदार. त्यांनी चौकट हातात घेतली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ती उजेडाकडे तिरकी धरली. मला राहवेना.

"भिकाजीभाऊ, तुम्हाला आठवत असणारच! न आठवायला तुम्ही काय म्हातारे झालात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली.

"न आठवाया काय झालं? होता तर! त्या उत्तरेच्या खडकावर. आमचा बापूस त्यात दिवा लावायचा!"

मला एवढा आनंद झाला! पण तो दहा पावलंही टिकला नाही. कोपऱ्यावर पावसकर गुरुजी भेटले. निवृत्त शिक्षक, आणि भिकाजींशी जन्माचं वाकडं.

"उत्तरेला?" गुरुजी कडाडले. "कोण म्हणतो उत्तरेला? दीपस्तंभ होता दक्षिणेच्या टेकाडावर! मी स्वतः मुलांची सहल वर नेत असे. एकदा एका मुलाची टोपी उडाली होती."

"सहल? तुम्ही पोरांना शाळेच्या अंगणापलीकडे कवा नेलंत, गुरुजी?" भिकाजींनी मागून हाक मारली.

"आणि तुमचे वडील दिवा लावायचे? त्यांना चूल पेटवता येत नव्हती!"

दुपारपर्यंत गावात दोन तट पडले. उत्तरेचे आणि दक्षिणेचे. संध्याकाळपर्यंत दीपस्तंभाचा रंग ठरला, पायऱ्या ठरल्या, तो ज्या वादळात पडला त्या वादळाचं सालसुद्धा ठरलं. अर्थात दोन्हीकडे वेगवेगळं! एक बाई सांगत आली, की तिच्या आजीचं लग्न त्या दीपस्तंभाच्या उजेडात लागलं. ज्याने फोटो पाहिला, त्याला काही ना काही आठवायला लागलं. मला तर वाटलं, साऱ्या गावाला माझ्यासारखीच स्मरणशक्ती लाभली!

सईने दोन्ही जागांचे नवे फोटो काढले. मधोमध माझा जुना, आणि तोही केवढा! भिंतभर! मी फोटोत माणसापेक्षा मोठी दिसत होते. ह्यांच्या मिशीचा एकेक केस मोजून घ्यावा असा.

उद्घाटनाला जकात कचेरी खच्चून भरली. मुख्याधिकारी संयोगिता मॅडम पहिल्या रांगेत. आमच्याच कराडकडच्या, हसणं अगदी जपून वापरणाऱ्या. नगराध्यक्ष भाषणाला उभे राहिले.

"आपल्या शिरबंदरचं वैभव समुद्राने गिळलं," ते गहिवरून म्हणाले, "पण मी आज शब्द देतो, हा दीपस्तंभ पुन्हा उभा राहील!"

टाळ्यांचा कडकडाट! सई माझा हात घट्ट धरून उभी होती. "आजी, मॅडमनी मान हलवली. बघितलंस? मान हलवली!"

एवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"आवं, ह्यो समुद्र तर आमच्या सांगलीचा हाय की!"

सगळ्यांच्या माना वळल्या. आष्ट्याच्या बचत गटाच्या बायका सहलीला आल्या होत्या आणि सावलीसाठी आत शिरल्या होत्या. त्यांच्यातली एक, माझ्याच वयाची, हिरव्या नऊवारीतली, बोट दाखवत पुढे येत होती. नाव मनुबाई.

"बाई, सांगलीत समुद्र कुठला?" नगराध्यक्ष हसून म्हणाले.

"हुता की! मारुती रोडला. वरच्या मजल्यावर. लाकडी जिना चढून जायाचं."

"समुद्र? वरच्या मजल्यावर?"

"पडदा वो, पडदा! फोटोच्या दुकानातला. दुसरा पडदा ताजमहालाचा हुता, पर आमचं मालक म्हनलं, ताजमहाल म्हंजी थडगं, नव्या लग्नाला नगं, समुद्र बरा."

मला हसूच आलं. "मनुबाई, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय हं. मी स्वतः तिथं वाऱ्यात उभी होते. मी काहीही विसरत नाही!"

"ताई, मी पन न्हाई इसरत!" मनुबाई म्हणाली, आणि तिने तिथूनच सुनेला फोन लावला. "अंकिता! भित्तीवरचा माझा न् तुझ्या मामंजींचा फोटू काढ मोबाइलवर आन् धाड! आगं आत्ता! भाकरी करपू दे!"

आम्ही सगळे त्या मोबाइलभोवती जमलो. टिंग वाजलं. मनुबाई, तिचे मालक. डावीकडे दीपस्तंभ. उजवीकडे वाकलेला माड. मागे फुटणारी लाट, अगदी तीच, तेवढीच फुटलेली! वर तेच तीन पक्षी, त्याच जागी! आकाशात तीच आडवी रेघ, आणि पायाशी तीच झालर.

"ती पडद्याची घडी," मनुबाई म्हणाली. "गुंडाळून ठेवायचा न्हवं!"

विमान कोसळलं. शेवाळाचीही सतरंजीची झालर झाली!

मी ह्यांच्याकडे वळले. हे शांतपणे चणे खात होते.

"अहो! हे काय आहे?"

"फोटो सांगलीचाच," हे म्हणाले. "इथून परत गेल्यावर तुझ्या मावशीने बळंच नेलं होतं आपल्याला."

"आणि वारा? माझा पदर?"

"टेबलफॅन होता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू समुद्र आठवतो का, एवढंच विचारलंस. समुद्र मला आठवतो. फोटोचं तू कधी विचारलंच नाहीस."

अशा माणसाबरोबर मी छप्पन्न वर्षं काढली आहेत!

पण सईकडे पाहिलं आणि माझा राग पार विरघळला. पोरीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. संयोगिता मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या आणि आता मान अजिबात हलत नव्हती. मी नगराध्यक्षांच्या हातातला माइक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच.

"मंडळी, चूक माझी. पोरीने शंका काढली होती, मीच तिला गप्प केलं. या बाई म्हणतात ते खरं आहे. शिरबंदरला दीपस्तंभ नव्हता."

मग भिकाजी तांडेल काठी टेकत उठले.

"बाय, तुमचं चुकलं असेल. आमचं नाय! आमच्या बापाशीने दिवा लावलाय तिथं!"

"अहो, पण फोटो सांगलीचा..."

"असू दे! त्या सांगलीवाल्याने आमचा बघूनच रंगवला असणार! नायतर त्याला माड कसा असतो ते काय ठाऊक?"

"भिकाजी म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे," पावसकर गुरुजी उठून म्हणाले. सारं गाव थक्क! ह्या दोघांचं एकमत झालेलं कुणी बघितलं नव्हतं. "फक्त दक्षिणेला होता."

मी पुन्हा सांगितलं. हात जोडून सांगितलं. पण सबंध गावाने मिळून आठवलेली गोष्ट एकट्या बाईला कशी परत घेता येणार? लोक मलाच समजावू लागले. एका पोक्त गृहस्थांनी तर माझ्यासाठी पाणी मागवलं आणि सईच्या कानात सांगितलं, "ह्या वयात होतं असं. विसरायला होतं."

मी! विसरायला!

"सई," संयोगिता मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी कार्यालयात."

रात्रभर सई तळमळत होती आणि मी तिच्या उशाशी बसून होते. तिने सामानसुद्धा बांधून ठेवलं.

सकाळी मी तिच्याबरोबर गेले, मारच बसायचा तर निम्मा माझ्या वाट्याला यावा म्हणून. मॅडमचा फोन सारखा वाजत होता. आष्ट्याच्या बायकांनी दोन्ही फोटो शेजारी लावून गावोगाव पाठवले होते. मिरजेहून फोन, तासगावहून फोन. कवठे महांकाळचे कुणी अर्जुन म्हणून गृहस्थ तर रडतच बोलत होते. त्यांच्याकडे आईचा एवढा एकच फोटो, आणि आई समुद्रापाशी कधी गेली होती, हे कोडं त्यांना जन्मभर सुटलं नव्हतं. सगळ्यांच्या घरी तोच दीपस्तंभ, तीच लाट!

मॅडमनी फोन ठेवला. सईकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"लोक विचारतायत, आमचेही फोटो लावणार का," त्या म्हणाल्या. "सई, आणखी एक भिंत मोकळी कर. आणि आजी..."

"काय?"

"तुम्ही आता सईला कुठलीही मदत करायची नाही."

तर मग पुढे कुणाचं काय झालं, तेही सांगते. सईला संग्रहालय मिळालं. आत शिरताच सांगलीच्या समुद्रापुढे उभी राहिलेली जोडपी दिसतात, पन्नासच्या वर. लोक खरंच जागीच थांबतात! अर्जुनांची आई मधोमध आहे. मनुबाई माझी घट्ट मैत्रीण झाली. आम्ही रोज फोनवर भांडतो, की पडद्यावर माड एक होता की दोन. संयोगिता मॅडमची बदली झाली, जाताना त्या चक्क हसल्या. भिकाजी मागच्या पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत ते उत्तरेच्या खडकाकडेच बोट दाखवत होते. पावसकर गुरुजी आता भांडायला कुणी नाही म्हणून उदास असतात, आणि परवा सईला म्हणाले, "तसा उत्तरेलाही असू शकेल."

नगराध्यक्षांनी शब्द पाळला. उत्तर आणि दक्षिणेच्या बरोबर मधोमध सिमेंटचा दीपस्तंभ उभा राहिला, माझ्या फोटोवरून, अगदी हुबेहूब! त्यात दिवा नाही, पण पर्यटक रांग लावून फोटो काढतात.

आम्हीही काढला. या वेळी मी अगदी डोळ्यात तेल घालून! खरा समुद्र, खरा वारा, खरा माड, पायाखाली खरी वाळू, आणि शेजारी हे, तेवढेच ताठ. मोठा करून घेतला आणि पुढच्या खोलीत जुन्याशेजारी टांगला. त्याच दिवशी शेजारच्या शिवांजलीबाई साखर मागायला आल्या. दोन्ही फोटोंपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. जुन्याकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई! समुद्रावर किती छान आलाय हो!"

मग नव्याकडे वळल्या, डोळे बारीक केले आणि मला विचारलं, "आणि हा कुठल्या स्टुडिओत काढला?"