साडेसत्तेचाळीस अंश

थर्मामीटरच्या काचेच्या नळीतली लाल रेघ एका जागी तुटलेली होती. तुटलेल्या दोन टोकांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी मोकळी जागा होती, आणि वरचा तुकडा बेचाळिसाच्या खुणेवर जो अडकला होता, तो थर्मामीटर भिंतीवर टांगल्यापासून नऊ वर्षं जागचा हलला नव्हता. बाहेर पुरुषभर बर्फ साचो की ऑगस्टचा उकाडा असो, हौदातलं पाणी बेचाळीस अंश.

ओरिएने एकतीस वर्षं त्या जपानी डोंगरगावच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. नळीत हवा शिरली आहे हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. पण थर्मामीटर गरम झऱ्यावर चालणाऱ्या, वरच्या आळीच्या सामायिक स्नानगृहाचा होता, आणि सामायिक वस्तूत खोट काढायची तर आधी ती कुणाच्या तरी तोंडून निघावी लागते. नऊ वर्षांत ती कुणाच्याच तोंडून निघाली नाही. बायका अंग घासून, धुऊन, घडी केलेला पंचा डोक्यावर ठेवून हौदात उतरत, भिंतीवरच्या बेचाळिसाकडे बघत आणि मनात म्हणत, बेचाळीस म्हणजे काही फार नव्हे, आपलंच अंग हळवं झालंय.

हौदाच्या कडेला गार पाण्याचा एक पितळी नळ होता. त्याच्यावर पाटी होती : ‘नळ सोडण्यापूर्वी हौदातील मंडळींना विचारावे.’ विचारायला कुणाची ना नव्हती. पण विचारणं म्हणजे आपल्याला सोसत नाही हे जाहीर करणं. त्यामुळे नळाची चावी हिरवी पडली होती.

ओरिए चौतीस वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या गावाहून लग्न होऊन इथे आली. पहिल्या दिवशी सासू, तोकू, तिला स्नानगृहात घेऊन गेली. ओरिए हौदात उतरली आणि आपण शिजतोय असं तिला वाटलं. तेवढ्यात सासूचा हात नळाकडे गेला, चावीपाशी क्षणभर थांबला आणि मागे आला. ओरिए काय ते समजली. या नळाला हात लावायचा नसतो, हे सुनेला न बोलता दाखवून दिलं गेलं होतं. “छान आहे,” ती म्हणाली, आणि तेव्हापासून रोज म्हणत आली.

एव्हाना तिचं काही अडलंही नसतं. पण युसाकूला, तिच्या मुलाला, गावच्या दवाखान्यात एप्रिलपासून नोकरी मिळत होती. तो यायला तयार होता. त्याची बायको आयाने ओसाकाची. “शनिवारी येऊन बघते, मग ठरवू,” असं ती म्हणाली होती. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तिने हौदात एक पाऊल घोट्यापर्यंत घातलं होतं. बाहेर काढलं तेव्हा ते उकडलेल्या खेकड्यासारखं दिसत होतं. “फारच छान आहे,” असं म्हणून ती कपडे घालायला गेली, आणि त्यानंतर प्रत्येक नववर्षाला तिला सर्दी झाली. वरच्या आळीत घरोघरी न्हाणीघरं नाहीत. इथे राहायचं म्हणजे त्याच हौदात उतरायचं.

“आळीच्या बैठकीत सांगून टाक ना, पाणी जरा निववा म्हणून,” तिचा नवरा तेइजी म्हणाला.

“तुम्हीच सांगा.”

“मी पुरुषांच्या बाजूचा. बायकांच्या हौदाबद्दल मी काय बोलणार?”

“मग पुरुषांच्या हौदाबद्दल बोला.”

“आमच्याकडे काय, ठीकच आहे,” तेइजी म्हणाला आणि चहा फुंकत बसला. चहा गार होता.

त्या आठवड्यात स्नानगृहाच्या सफाईची पाळी ओरिएकडे होती. पाळीची लाकडी पाटी दाराला टांगल्यावर सोमवारी सकाळी तिने जुना थर्मामीटर उतरवला आणि नवा लावला. तिचा हिशेब सरळ होता. माणसं खोटं बोलू शकतात, आकडा बोलत नाही. खरं तापमान भिंतीवर दिसलं की कुणीतरी आपोआप नळ सोडेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

नव्या नळीतला द्रव बेचाळीस ओलांडून, पंचेचाळीस ओलांडून, साडेसत्तेचाळिसावर थांबला.

संध्याकाळी पहिल्यांदा आकडा वाचला तो शेजारच्या हात्सुएने. तिने तो दोनदा वाचला. मग पाठ ताठ केली.

“अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं आपण साडेसत्तेचाळिसात बसत होतो?”

“दिसतंय तसं,” ओरिए म्हणाली आणि वाट बघू लागली.

“तरीच माझी बहीण खालच्या आळीतून आली की म्हणायची, तुमच्याकडे बसवत नाही. त्यांच्याकडे चव्वेचाळीस आहे म्हणे. चव्वेचाळिसात आम्ही भाज्या धुतो म्हणावं!”

हात्सुए सत्तेचाळिसावरच्या अर्ध्यासकट गावभर फिरली. मंगळवारपर्यंत आळीतल्या प्रत्येक बाईची मान दोन बोटं उंच झाली होती. सोसणं आता हळवेपणा लपवणं राहिलं नव्हतं, ते कर्तृत्व झालं होतं.

बायकांच्या आणि पुरुषांच्या हौदामधली भिंत छतापर्यंत जात नाही. त्यामुळे बातमीला वळसा पडला नाही.

“आमच्याकडे पण एक लावा की बाई!” पलीकडून इवामांचा आवाज आला. टोफूचं दुकान चालवणारे इवामा आळीच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्याकडे थर्मामीटर लागला. सेहेचाळीस पूर्णांक आठ.

बायकांपेक्षा कमी.

डोंगरातल्या झऱ्याचं गरम पाणी एका लाकडी पन्हाळीतून येतं आणि एका फळीने दोन्ही हौदांत वाटलं जातं. बुधवारी सकाळी ती फळी बायकांच्या बाजूला चार बोटं सरकलेली आढळली. दुपारी हात्सुएने ती पुरुषांच्या बाजूला सहा बोटं सरकवली. संध्याकाळी इवामांनी तातडीची बैठक घेतली. त्यांनी खाकरून सांगितलं, की शेजाऱ्याशेजाऱ्यांत असली चढाओढ शोभत नाही, तेव्हा फळी मध्यावर खिळ्याने ठोकून टाकावी, आणि वर डोंगराशी ज्या उघड्या टाक्यात पाणी थोडं निवतं, त्या टाक्यावर झाकण घालावं. म्हणजे कुणावरच अन्याय होणार नाही. ठराव एकमताने झाला. ओरिएनेही हात वर केला. तो तिने थोडा उशिरा केला, पण केला.

गुरुवारी दोन्ही थर्मामीटर एकोणपन्नासाला टेकले.

आणि सगळं आणखीच सुरळीत चालू लागलं. बायका रोजच्या वेळेला येत, लहान स्टुलांवर बसून अंग घासत, बादल्या ओतत, जाताना दारात एकमेकींना सांगत.

“काय सुरेख पाणी आहे आज!”

“हो ना, हाडं मोकळी झाली.”

“तोकूआजी, तुम्ही बसलात का?”

“बसले म्हणजे? चांगली बसले,” तोकूआजी म्हणे. ओरिएची सासू आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती.

शुक्रवारी सकाळी ओरिए हौद रिकामा करून घासायला गेली. या पाण्यातून पांढरा साका बसतो. एका दिवसात पायऱ्यांवर त्याचा पातळ थर येतो, आणि रोज सकाळी त्या थरात तळव्यांनी पुसलेल्या जागा दिसतात. मधल्या पायरीवर सगळ्यात जास्त. ओरिए ब्रश हातात घेऊन वाकली आणि तशीच राहिली. तीनही पायऱ्यांवर साका अखंड होता. एकही पाऊल नव्हतं. तिने कंदील आणून पुन्हा पाहिलं. काल सव्वीस बायका येऊन गेल्या होत्या. सव्वीस बायकांनी पाण्याची तारीफ केली होती आणि सव्वीसपैकी एकीचाही पाय हौदात पडला नव्हता.

मग तिने प्रामाणिकपणे स्वतःची नोंद तपासली. सव्विसावी तीच होती.

आता सगळं तिच्या हातात होतं. पुरावा पांढऱ्यावर पांढरा होता. पण तो मांडायचा म्हणजे आळीतल्या पंचवीस बायकांना, आणि त्यांत सासूला, खोटारडं म्हणायचं. तिने ब्रशने पायऱ्या स्वच्छ घासल्या. घरी येऊन स्वयंपाकघरात मुळा किसता किसता ती हळूच म्हणून बघत होती, “पाणी जरा गरम आहे का हो?” मग, “कुणाला गरम वाटतंय का?” मग नुसतंच, “गरम.” तेवढ्यात दाराशी तेइजी आला.

“काय गरम?” त्याने विचारलं.

“सूप,” ओरिए म्हणाली.

शनिवारी दुपारी युसाकू आणि आयाने आली. आयाने चार वाजता स्वतःहून म्हणाली, “आई, जाऊया ना अंघोळीला?” ओरिएला वाटलं, पोरगी नकार सांगून निरोप घ्यायच्या तयारीने आली आहे.

स्नानगृहात नेमकी सगळी आळी होती. ओसाकाची सून येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. हात्सुए होती, पोस्टातली नामिको होती, तोकूआजी भिंतीपाशी स्टुलावर बसून गुडघे घासत होती. गेली दहा मिनिटं ती एकच गुडघा घासत होती. हौदावर वाफेचा पडदा होता आणि पाणी आरशासारखं स्थिर होतं.

“ये, ये, बस निवांत,” हात्सुए आयानेला म्हणाली. “आम्ही आत्ताच निघालो बाहेर.”

तिचे खांदे कोरडे होते.

आयानेने अंग घासलं, स्टूल धुऊन जागेवर ठेवलं, बादलीने खांद्यावर पाणी घेतलं. पंचाची घडी करून डोक्यावर ठेवली. मग हौदाच्या काठाशी जाऊन तिने तीन वेळा खोल श्वास घेतला. पोहण्याच्या शर्यतीआधी घेतात तसा.

भिंतीपलीकडून युसाकूचा आवाज आला. “आयाने, जपून गं! आपल्या घरचं यंत्र सेहेचाळिसाच्या वर जात नव्हतं!”

“कसलं यंत्र?” ओरिएने विचारलं.

“टबाचं, आई,” आयाने म्हणाली. “मागच्या वेळी फार लाज वाटली. तुम्ही सगळ्या किती सहज बसता. म्हणून दोन वर्षं सराव केला. दर चार महिन्यांनी एक अंश वाढवत गेले. फक्त शेवटचे तीन अंश राहिले.”

आणि ती उतरली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. मग गळ्यापर्यंत. हौद काठोकाठ भरलेला होता. पाणी चहूबाजूंनी उसळून फरशीवर आलं, आणि ते पावलांना लागताच हात्सुए, नामिको आणि आणखी चौघी एकदम स्टुलांवर उभ्या राहिल्या.

आयानेचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग लाल, मग त्याला नाव असलेला रंग उरला नाही. ती ओरिएकडे बघून हसली.

“छान आहे,” ती म्हणाली.

 आता बाहेरची पोर आत बसली होती आणि आळी स्टुलावर उभी होती. पुढे काय करावं लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. नामिकोने एक पाय स्टुलावरून खाली घेतला, फरशीला टेकवला आणि पुन्हा वर घेतला.

“संपलं,” तोकूआजी भिंतीपाशी पुटपुटली. “आता आणखी चौतीस वर्षं.”

“काय म्हणालात, आई?” ओरिएने विचारलं.

“ही पण तुझ्यासारखीच निघाली. तू आलीस तेव्हा अश्शीच शिरली होतीस. गळ्यापर्यंत. हूं नाही की चूं नाही.”

“पण मी तर...”

“त्याआधी रोज नळ सोडायचो गं आम्ही. माझी सासूच सोडायची. त्या दिवशी पण मी हात पुढे केला होता. म्हटलं, पोर समुद्राकडची, हिला सोसायचं नाही. बघते तर तू मजेत! म्हणालीस, छान आहे. मग मी कशी सोडणार नळ? इथे जन्म काढलेली बाई मी. घेतला हात मागे.” तिने दुसरा गुडघा घासायला घेतला. “मग तुझी तीच आवड म्हणून कुणी काही बोललंच नाही. नंतरच्या सुनांना वाटलं, इथली रीतच अशी. भाजून निघालो सगळे तुझ्या आवडीपायी.”

 भिंतीपलीकडेही कुणी स्टुलावरून उतरल्याचा आवाज आला नाही.

ओरिएला तो हात पुन्हा दिसला. नळाकडे गेलेला, थांबलेला, मागे आलेला. एकदाच पाहिलेल्या एका गोष्टीवरून तिने निष्कर्ष काढला होता आणि चौतीस वर्षं तो तपासला नव्हता. शाळेत एखाद्या मुलाने असं केलं असतं, तर तिने वही परत दिली असती.

हौदात आयाने अजून हसत होती, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दर थोड्या वेळाने ती अंक मोजल्यासारखे ओठ हलवत होती.

ओरिए उठली. गरम फरशीवरून ती नळापाशी गेली, चावीवरची हिरवी पूड तिने पंचाने पुसली. मागून हात्सुए सवयीने म्हणाली, “बाई, पाटी...”

“वाचली आहे,” ओरिए म्हणाली. मग वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तो आवाज तिने लावला. तो भिंतीवरून पलीकडेही गेला.

“पाणी गरम आहे. मी आले त्या पहिल्या दिवसापासून गरम आहे. मी विचारत नाहीये, मी नळ सोडते आहे.”