दर्शनी सेवेचे चाळीस तास

रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी, खजुराच्या एका जुन्या बागेत, फ्रान्समधलं एक खेडं आहे. खेड्यात सात खोल्या, एक विहीर, अकरा कोंबड्या आणि एक स्वयंसेवक-धोरण आहे. धोरणाची पानं बेचाळीस. गेल्या हिवाळ्यात मी तिथे स्वयंसेवक होतो. तिथला दिवस कसा जातो असं नातेवाईक फोनवर वारंवार विचारतात, म्हणून हे निवेदन.

मुळात माझं फ्रान्सशी काही देणंघेणं नाही. मी करामाला राहतो आणि जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे दोन कागद भांडायला लागले की आधी कोणता आला ते सांगणारा माणूस. व्यसन एकच, कीर्तनाचं. समोर उभे कीर्तनकार, मागे पेटी-तबला, आख्यान अशा जागी आणून सोडायचं की आपण डोळे पुसायला रुमाल काढावा आणि रुमाल डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत हसू फुटावं. दुबईत सगळं मिळतं. अळूची पानं मिळतात, चकलीचा सोऱ्या मिळतो. कीर्तन तेवढं मोबाइलवर ऐकावं लागतं, आणि मोबाइल कपाळाला बुक्का लावत नाही.

अशात बातमी आली की साताऱ्याच्या कीर्तनकार ईश्वरीताई भाचीच्या बारशाला शारजाला येणार आहेत, नऊ दिवसांसाठी. मी धीर करून फोन केला. ताई म्हणाल्या, एक शनिवार तुमचा. मागणं दोनच, प्यायला कोमट पाणी आणि खिशात राहतील असे फोन.

आमचं कीर्तनवेड्यांचं मंडळ अकरा जणांचं. अनुपमा, म्हणजे आमची मंडळी, धरून अकरा. जागा कुठे? आमच्या बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर लिहिलंय की दहापेक्षा जास्त माणसं जमली तर ती पार्टी. हॉलवाल्यानं चार हजार दिरहम सांगितले. अनुपमानं तिथेच मोठ्यानं हिशेब केला, म्हणजे लाखाच्या घरात, आणि आम्ही हॉलवाल्याचा चहा अर्धा टाकून उठलो.

मग भेटले तय्यबभाई. राजापूरकडचे, वीस वर्षं इथे जहाजांना भाजीपाला पुरवला, आता या फ्रेंच खेड्याचे मालक. खेड्याचं नाव ‘ला पेतीत फेर्म’, म्हणजे फ्रेंचमध्ये छोटं शेत. मी ते आधी ‘पेटीत’ असं वाचलं. कीर्तनवेड्या माणसाला पाटीवर पेटी दिसणं हा मला शुभशकुन वाटला.

तय्यबभाईंनी पहिल्या वर्षी त्याच जागेवर ‘राजापूर होमस्टे’ काढला होता. हीच विहीर, ह्याच कोंबड्या. सहा महिन्यांत दोन पाहुणे आले, तेही त्यांच्या मेव्हण्याचे. मग त्यांनी पाटी बदलली. तांदळाच्या भाकरीला गालेत म्हणायला लागले आणि कुळथाच्या पिठल्याला ‘गावाकडचं फ्रेंच सूप’. आता शनिवारी खोली मिळत नाही.

“गुणवंतराव,” ते म्हणाले, “आपल्या गावाला माणूस येत नाय. दुसऱ्याच्या गावाला येतो. मी काय केलंय, गाव तेवढं दुसऱ्याचं केलंय.”

त्यांच्याकडे कार्यक्रमांच्या परवान्यासकट एक मोठी खळ्याची खोली होती, तिला ते ‘ग्रांज’ म्हणत. ज्या स्वयंसेवकाची चाळीस तास सेवा भरेल त्याला ग्रांज एक संध्याकाळ मोफत, असं धोरणाच्या एकोणिसाव्या पानावर छापलेलं होतं. ताईंच्या शनिवाराआधी पाच शनिवार होते. पाच आठं चाळीस. देवानंच आकडे जुळवून ठेवलेत असं मला वाटलं. चाळीस भरले तर कीर्तन, एकोणचाळीस भरले तर ताई बारसं जेवून परत.

“आणि जाणार कसे?” अनुपमानं विचारलं.

हा प्रश्न मर्मावर होता. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी सहा वेळा नापास आहे. लायसन्स तिच्याकडे. शेवटी असं ठरलं की सेवा मी करायची, गाडी तिने चालवायची. भक्ती ही वाटून घेतली की वाढते.

पहिल्या शनिवारी सकाळी आठला मुनिबा भेटली. श्रीवर्धनची मुलगी, हुद्दा व्हॉलंटियर एक्स्पिरियन्स मॅनेजर, हातात क्लिपबोर्ड. तिनं मला काळी चपटी टोपी, पट्ट्यांचा एप्रन आणि छातीवर लावायला बिल्ला दिला. बिल्ल्यावर नाव होतं ‘गीयोम’.

“गुणवंत सर, गेस्टना गुणवंत जड जातं.”

“पण गेस्ट कुठले आहेत?”

“आज सगळे पुण्याचे.”

दिनक्रम असा. आठ वाजता खिडक्या उघडणे. सव्वाआठला कोंबड्यांना ‘बोंझूर’ म्हणणे. कोंबड्या अजमानच्या होत्या, त्यांनी उत्तर दिलं नाही, पण पाहुण्यांनी व्हिडिओ काढले. सव्वानऊपासून भांडी. स्वयंपाकघरात आचारी इद्रीस एकटा होता, त्याच्या जोडीला उभा राहून मी संध्याकाळपर्यंत भांडी घासली. हात सुरकुतले, पण मन कसं प्रसन्न झालं. निघताना मुनिबानं नोंद दाखवली. सव्वा तास.

मी म्हणालो, बाई, आठ तास झाले. ती म्हणाली, “सर, खिडक्या आणि कोंबड्या धरल्यात. भांडी आत होती ना.”

मग तिनं पान सात उघडलं. सेवा दोन प्रकारची, दर्शनी आणि अंतर्गत. पाहुण्यानं पाहिली ती दर्शनी, तिचेच तास. अंतर्गत सेवेबद्दल व्यवस्थापन ऋणी राहील.

“कुणी पाहिलंच नाही तर सेवा झाली की नाही, हे मॅनेजमेंट कसं ठरवणार? यू टेल मी.”

मी वीस वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. मला हे तत्काळ पटलं. आमच्या ऑफिसात तर काम झालं नाही आणि नोंद झाली, तरी काम झालेलं असतं.

दुसऱ्या शनिवारी मी शहाणा झालो. दर्शनी कामाची यादी मागितली. यादीत पहिलं होतं लॅव्हेंडरला पाणी घालणे. लॅव्हेंडरचा ताटवा मोठा सुरेख, जांभळाशार, आणि इथल्या उन्हाचा विचार करून प्लास्टिकचा. झारी जड लागेना म्हणून आत पाहिलं तर रिकामी. मुनिबा म्हणाली, पाण्यानं रंग जातो सर. मी रिकाम्या झारीनं प्लास्टिकच्या फुलांना दिवसभर पाणी घातलं. आठ तास मंजूर, शिवाय ‘निसर्गाशी नातं’ असा शेरा.

आणि भांडी? ती अनुपमा घासत होती. आठ तास गाडीत बसून करायचं काय, म्हणून ती इद्रीसच्या मदतीला गेली होती. तिचा फॉर्म भरलेला नव्हता. ड्रायव्हर हा स्वयंसेवकाचा वाहतूक-विभाग समजला जावा, असं धोरणात होतं, त्यामुळे तिच्या बाबतीत काही प्रश्न उद्भवला नाही.

प्रश्न माझा होता. पहिल्या दिवशीचे पावणेसात तास बुडाले होते. उरलेल्या शनिवारी आठ-आठ भरले तरी बेरीज सव्वातेहतिसावर अडत होती. ताईंना काय सांगू, या काळजीनं तिसऱ्या शनिवारी झारी फिरवता फिरवता माझ्या तोंडून नकळत नामाचा गजर सुरू झाला. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी, अगदी संथ लयीत. कोथरूडचं एक जोडपं बाकावर बसून गालेत खात होतं. बाईंनी डोळे मिटले.

“किती फ्रेंच वाटतंय ना,” त्या यजमानांना म्हणाल्या. “आपल्याकडे असं काही राहिलंच नाही.”

यजमानांनी रेकॉर्ड करून रिव्ह्यू टाकला. दुपारी मुनिबा धावत आली. गाणं ही प्रीमियम दर्शनी सेवा, तास दुप्पट. मात्र फलकावर तिला ‘फ्रेंच ग्रामगीत’ म्हणावं लागेल. मी देवाला मनात विचारलं. देवानं आजवर इतकी नावं घेतली आहेत, आणखी एकानं बिघडणार नव्हतं.

चौथ्या शनिवारी गाण्याला गर्दी झाली. त्यात एक खरीखुरी फ्रेंच आजी आली होती, नातवाला भेटायला दुबईत आलेली. ती शेवटपर्यंत मान डोलावत होती. मग ती मुनिबाला इंग्रजीत म्हणाली की मी जन्मभर खेड्यात राहिले, असलं गाणं कधी ऐकलं नाही. मुनिबानं लिहून घेतलं, ‘दुर्मिळ असल्याची फ्रेंच पाहुण्यांकडून खात्री.’

पाचव्या शनिवारी चार वाजून दहा मिनिटांनी माझे चाळीस तास पूर्ण झाले. मी टोपी काढून तय्यबभाईंना भेटलो. त्यांनी मिठी मारली. ग्रांज तुमचीच, म्हणाले, फक्त त्या संध्याकाळी तिथे एक कार्यक्रम आहे.

“कसला?”

“लोकाग्रहास्तव फ्रेंच ग्रामगीत संध्या. गायक गीयोम.”

मी काढलेली टोपी परत घातली. तय्यबभाई मनाचे मोठे. त्यांनी तोडगा काढला. कीर्तन त्या कार्यक्रमातच बसवा, ताई मोकळेपणानं हवं ते सांगू देत. मात्र खुर्च्या बुक झालेल्या पाहुण्यांच्या. मंडळाच्या माणसांना आत उभं राहायचं असेल तर स्वयंसेवक म्हणून, टोपी घालून, हातात ट्रे धरून. माझी धरून टोप्या शिल्लक होत्या दहा. मंडळ अकरा.

मंडळात हे सांगितलं, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत अनुपमा म्हणाली, “मी आत स्वयंपाकघरात असेन. तिथून ऐकू येतं.” मला तिचा समजूतदारपणा फार आवडतो. त्यानं निर्णय लवकर होतात.

ताईंना मी हे सगळं भीत भीत सांगितलं. त्या हसायला लागल्या. “टोपी कुठलीही असू दे हो. खाली डोकं असलं म्हणजे झालं.”

शनिवारी सूर्य मावळता मावळता ताई उभ्या राहिल्या. नऊवारी, खांद्यावर उपरणं, आणि मागच्या फलकावर ‘मादाम ईश्वरी’. आम्ही दहा टोपीवाले भिंतीला पाठ लावून, ट्रेमध्ये लिंबू सरबत. पूर्वरंगातच पाहुण्यांच्या हातातले फोन खाली गेले. उत्तररंगाला ताईंनी आख्यान लावलं. देव एका भक्ताच्या घरी गडी होऊन राहिला. बारा वर्षं कावडीनं पाणी वाहिलं, चंदन उगाळलं, उष्टी काढली. घरात कुणाला पत्ता नाही. आणि पत्ता लागला त्या दिवशी गडी नाहीसा, रांजण तेवढा काठोकाठ.

ताईंसोबत आलेल्या पेटीवाल्यानं स्वर धरून ठेवला होता. माझे डोळे वाहत होते आणि ट्रेमधलं सरबतही. मागे दारापाशी मुनिबा क्लिपबोर्ड छातीशी धरून रडत होती. तिनं एकदम हात वर केला.

“ताई, एक विचारू? बारा वर्षं कुणीच पाहिलं नाही त्याला, काम करताना?”

“पाहिलं सगळ्यांनी गं. लक्ष कुणाचं गेलं नाही.”

“मग त्याचे तास?”

खोलीत हशा पिकला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी झांजा हलकेच मिटल्या.

“शून्य, बाळ. म्हणून तर तो देव. भरले असते तर सर्टिफिकेट घेऊन गेला असता.”

हशा जिथे होता तिथेच थांबला. मग ताईंनी गजर धरला आणि पुणेकर पाहुणे खुर्च्या सोडून उभे राहिले.

तीन दिवसांनी माझं प्रमाणपत्र आलं. साडेएकोणचाळीस तास. सोबतच्या पत्रात खुलासा होता की कार्यक्रमात अर्धा तास मी रडताना आढळलो. रडणं हा पाहुण्यांचा अनुभव असून तो सेवेत धरता येत नाही. मात्र ग्रांज वापरून झाली असल्यानं व्यवस्थापन ही बाब उदार मनानं सोडून देत आहे. प्रमाणपत्र मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलं आहे, टीव्हीच्या वर.

पण सांगायचं राहिलं ते परतीच्या वाटेचं. कीर्तन संपवून निघालो, अनुपमा गाडी चालवत होती. मी विचारलं, ऐकलंस ना आख्यान? ती म्हणाली, पूर्वरंग ऐकला, मग ग्लास यायला लागले, नळाच्या आवाजात पुढचं गेलं. मला तिची फार कणव आली. म्हणून मी तिला सगळं आख्यान पहिल्यापासून सांगितलं, ताईंच्या चालीसकट. तो बारा वर्षांचा गडी, ती कावड, ते न बोलता पाणी भरणं. सांगता सांगता माझा घसा कोरडा पडला. मी हात पुढे केला. तिनं रस्त्यावरची नजर न काढता दाराच्या कप्प्यातली बाटली माझ्या हातात दिली. पाणी कोमट होतं. झाकण आधीच सैल करून ठेवलेलं होतं.

मी घोटभर प्यालो आणि म्हणालो, “असा गडी एकदा तरी आपल्या घरी यावा गं. मी तर लगेच ओळखीन.”

ती म्हणाली, “पट्टा लावा. पुढे कॅमेरा आहे.”

मंडळाच्या पुढच्या कीर्तनासाठी मी आता सेवेच्या नोंदीचा रीतसर फॉर्म तयार केला आहे, आणि त्याची एक प्रत आपल्यासाठीही ठेवली आहे. हे निवेदन वाचताना आपल्या हाताशी चहाचा कप असल्यास तो तिथे कुणी आणून ठेवला, त्यांचं नाव तिसऱ्या रकान्यात लिहावं. कप कधी आला ते आठवत नसल्यास रकाना कोरा सोडावा. आमच्याकडे आलेल्या सगळ्या फॉर्मांत तो कोराच आहे.