इंगळे मॅडम आणि पिवळं पाणी

आमच्या मेहकरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या इंगळे मॅडम कुणाच्याही लग्नातून पंगत बसायच्या आत उठतात. "त्यायचं जेवन राह्यलं," म्हणतात. नवख्याला वाटतं, घरी लेकरं असतील. घरी कोणी नाही. प्रयोगशाळेत बरण्या आहेत, बरण्यांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, आणि त्यांना वेळेवर गुळाचं पाणी लागतं.

मी मराठी शिकवतो. माझी खोली त्यांच्या शेजारची. भिंतीपलीकडून आवाज येतो, "काऊन बे, आज सुस्त काऊन?" सुरुवातीला मला वाटे, पोरांना रागावतात.

गावाबाहेर नळाच्या तोट्यांना चकचकीत मुलामा देणारा एक कारखाना आहे. त्याचं क्रोमियमचं पिवळं, विषारी पाणी नाल्यात जायचं. बायांनी तिथं धुणं सोडलं. कारखाना बंद करा, अशी ओरड झाली, तेव्हा मॅडम थेट मालकाकडे गेल्या.

"भाऊ, एक टाकी द्या मले. माह्ये जिवाणू हे जहर मोडतात."

टाकी मिळाली आणि आठवड्यात सगळे जिवाणू मेले. मालक हसला.

"चूक माही हाय," मॅडम मला म्हणाल्या. "एकदमच जहरात टाकलं त्यायले. आधी सवय लावाले पायजे होती."

मग बरणीत थेंब थेंब पिवळं पाणी. तगतील ते निवडायचे, वाढवायचे, पुन्हा थोडं जास्त द्यायचं. अख्खा उन्हाळा कूलरचं तोंड बरण्यांकडे होतं आणि मॅडम घामानं निथळत होत्या.

दिवाळीच्या सुमारास टाकीतलं पाणी निवळलं. क्रोमियम हिरवट गाळ होऊन तळाशी बसलं, ते वेगळं काढता येऊ लागलं. तपासणीतही पाणी नाल्यात सोडण्याजोगं निघालं. हसलेला मालक आता पेढे वाटत होता. कामगार घरी फोन लावत होते. मीही फोनवर छाती फुगवून बायकोला सांगितलं, "आमच्या मॅडमनं करून दाखवलं." पलीकडे तिची शिलाई मशीन खडखडत होती.

मॅडमनी मोबाइल काढला, पाहिला, पर्समध्ये परत ठेवला.

"तुम्ही कोणाला सांगत नाही?" मी विचारलं.

"आई होती तवा तिले सांगत होती." मग म्हणाल्या, "सर, वहिनी अजून फोनवर हायेत का?"

मी फोन दिला. टाकीच्या कठड्यावर बसून मॅडम माझ्या बायकोला सगळं पहिल्यापासून सांगू लागल्या. कोण मेले, कोण तगले, कोणत्या बरणीनं दगा दिला. बायकोनं मशीन थांबवली असावी. पलीकडून एवढंच ऐकू येत होतं,

"हाव. मंग?"