तिसऱ्यानं वाचलं पाहिजे

टेकचंदभाऊंना कुणी तोंडावर शिवी दिली तर ते रागावत नाहीत. आजूबाजूला कुणी आहे का ते बघतात आणि नसेल तर नम्रपणे म्हणतात, "हेच गावच्या ग्रुपवर लिहून टाक ना."

दोघांतल्या शिवीने बदनामी होत नाही, तिसऱ्याने ती ऐकली किंवा वाचली पाहिजे, हा कायदा त्यांना पाठ आहे. तीस वर्षं ते गोंदियाच्या कोर्टात शिपाई होते. दारात उभं राहून नावं पुकारता पुकारता आतलं सगळं कानावर पडायचं. आता नागऱ्यात आमच्या शेजारी एकटेच राहतात. "जिंदगीभर लोकायची नावं पुकारली, आता आपलं नाव खराब होऊ देत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मागच्या वर्षी दूधवाल्याने ग्रुपवर लिहिलं की, भाऊ शंकराच्या देवळात जुन्या चपला घालून जातात आणि नव्या घालून येतात. मी हसण्याचं चिन्ह लावून ते मेव्हण्याला पाठवलं. मेव्हण्याच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ स्क्रीनशॉटच्या झेरॉक्स घेऊन हजर. तारीख, वेळ, नंबर, सगळ्याखाली लाल रेघ. "मिटवू नोको, पुरावा आहे तो," असं दूधवाल्यालाच बजावून आले होते. एक नोटीस त्याला, एक मला. पुढे पाठवणाराही तेवढाच गुन्हेगार, असं माझ्या नोटिशीत होतं. आम्ही दोघांनी ग्रुपवरच माफी मागितली, कारण ज्यांनी बदनामी वाचली त्यांनी माफीही वाचावी, ही त्यांची अट होती.

माझी माफी फायलीला लागली का, ते बघायला मी त्यांच्याकडे गेलो. चाळताना तळाशी एक लॅमिनेशन केलेला कागद निघाला. भाऊंच्या पुण्यातल्या मुलाने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं होतं की, बाबांनी आईला दवाखान्यात न्यायला उशीर केला, म्हणून ती गेली.

एवढी मोठी बदनामी, सगळं गणगोत साक्षीला, आणि नोटीस नाही.

"भाऊ, याले कायले सोडलं?"

भाऊंनी कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"त्यानं तासाभरात मिटवलं, मास्तर. पन खरं असन तर बदनामी होत नाही."

मला उगाच विचारलं असं झालं. कागद फायलीत परत लावत ते म्हणाले, "तिचा फोन आला होता, छातीत दुखून राहिलं म्हने. मी नावं पुकारून राहिलो होतो."