दुसऱ्या क्रमांकाचा इतिहास

परंपरा सुरू व्हायला एक सकाळ पुरते. ती जुनी व्हायला मात्र कागद लागतात. दौलताबाद रस्त्यालगतच्या मैदानावर दरवर्षी होणाऱ्या जातिवंत घोड्यांच्या सपाट शर्यतीला ही गोष्ट जरा उशिराच कळली.

सपाट शर्यत म्हणजे जिच्या वाटेत उडी मारून पार करायचे अडथळे नसतात ती (उद्घाटनाची भाषणं यात धरलेली नाहीत). अंतर सोळाशे मीटर. रस्ता रुंदीकरणात त्यातले दीडशे मीटर गेले, तरी अंतर सोळाशेच राहिलं, कारण पत्रिका छापून झाल्या होत्या. घोडा अस्सल हवा आणि त्याची सात पिढ्यांची वंशावळ कागदावर हवी. वरातीच्या घोड्यांना सक्त मनाई आहे. २००९ साली त्यातला एक शिरला होता, पण बँड वाजेपर्यंत तो जागचा हलला नाही, त्यामुळे नियम आपोआप पाळला गेला.

पहिली शर्यत १९९३ साली झाली. करोनाची दोन वर्षं सोडली तर ती कधी चुकली नाही (घोडे एरवीही अंतर राखूनच धावतात, प्रेक्षकांना ते जमेना). म्हणजे २०२५ पर्यंत एकतीस शर्यती. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण मैदान वाटप समितीनं परिपत्रक काढलं, की यापुढं मैदान फक्त पंच्याहत्तर वर्षं पूर्ण केलेल्या पारंपरिक उपक्रमांनाच मिळेल. असा उपक्रम नसल्यास तिथं वाहनतळ होईल. पुराव्यासाठी मुदत पंधरा दिवस.

शर्यत मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब, फुलंब्रीकडचे बागायतदार, दुसऱ्याच दिवशी औरंगपुऱ्यात श्रीधरपंतांच्या घरी आले. श्रीधरपंत मंडळाचे चिटणीस. त्यांची बत्तीस वर्षं सरकारी अभिलेख कक्षात गेलेली, आणि त्या काळात कागदाशिवाय एक ओळ त्यांनी नोंदवहीत चढवली नव्हती. सख्ख्या मेहुण्याची वारसनोंद त्यांनी पुराव्याअभावी अडवली होती. मेहुणा अजून बोलत नाही. पण एकतीसही शर्यतींना रेषेवर उभं राहून निकाल त्यांनीच लिहिला होता. वर्षातली तीच एक सकाळ अशी, की धूळ खाली बसेपर्यंत सगळं मैदान त्यांच्या तोंडाकडं बघायचं. मैदान गेलं असतं तर ती सकाळही गेली असती.

"पंत, चव्वेचाळीस वर्षं कमी पडायलीत," काकासाहेब म्हणाले.

"पडणारच. झालीच नाहीत."

"झाली नाहीत आसा कागद हाय का तुमच्याकडं?"

श्रीधरपंतांनी विचार केला. असा कागद नव्हता. शर्यतीच्या इतिहासलेखनाला इथून सुरुवात झाली.

१९४९ ते १९९२ या काळातल्या विजेत्या घोड्यांची माहिती असणाऱ्यांनी ती लेखी द्यावी, अशी सूचना मंडळानं काढली. श्रीधरपंतांना वाटलं, कुणी फिरकणार नाही आणि आपली सुटका होईल. चार दिवसांत एकशे सत्तावीस विजेते आले. एकट्या १९६२ साली अकरा घोडे पहिले आले होते. फुलंब्रीच्या वच्छलाबाईंच्या सासऱ्यांची घोडी सलग नऊ वर्षं पहिली होती. वच्छलाबाई स्वतः अर्ज घेऊन आल्या.

"पण बाई, तेव्हा शर्यत होत होती का?"

"आमची घोडी कुणासाठी थांबत नव्हती, पंत. लिहा."

शेवटी चिठ्ठ्या टाकून प्रत्येक वर्षाला एक विजेता देण्यात आला. ही पद्धत इतकी निःपक्षपाती होती, की खऱ्या शर्यतींतही तिचा विचार व्हावा असं काहींचं मत पडलं.

अडचण पुढंच होती. अर्जाच्या कलम सहानुसार शर्यतीत किमान दोन घोडे धावल्याचं दाखवायचं होतं (एकटा घोडा धावला तर तो फेरफटका). दुसऱ्या क्रमांकासाठी मात्र एकही अर्ज येईना. विषय निघाला की लोक अर्धा चहा ठेवून उठत. "आमच्या घराण्यात दुसरं कुणी आलेलं नाय," काकासाहेब म्हणाले. वच्छलाबाईंनी जावेच्या माहेरचं नाव सुचवलं. जावेनं फोनवर जे उत्तर दिलं ते अभिलेखात घेण्याजोगं नव्हतं.

दोन दिवस उरले. श्रीधरपंत कोऱ्या रकान्यासमोर बसून होते. यमुनाबाई ताट वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, आपल्याकडं घोडा नव्हताच ना कधी? मग हरायला आपलं काय जातंय?"

तर्कात चूक नव्हती. श्रीधरपंतांचे आजोबा कै. नरहरपंत निजामाच्या कचेरीत कारकून होते आणि घोड्याला इतके भीत, की टांग्यातही त्याच्याकडं पाठ करून बसत. त्यांना चव्वेचाळीसही वर्षं दुसरा क्रमांक देण्यात आला. घोड्याचं नाव 'समाधान'. घोड्याचं आयुष्य पाहता एकामागून एक समाधान पहिला, दुसरा आणि तिसरा अशी सोय केली. नरहरपंत १९७१ साली वारले होते. पण हरण्यासाठी मालक हयात असावा अशी अट अर्जात नव्हती. कागदाशिवाय श्रीधरपंतांनी चढवलेली ही पहिलीच नोंद.

शेवटच्या दिवशी समितीच्या अधिकाऱ्यांनी फाईल चाळली आणि एका पानावर ते रेंगाळले.

"विजेते दरसाल बदलायलेत. ह्ये नरहरपंत मात्र हटले नाहीत. आवडलं आपल्याला. चषकाला ह्यांचंच नाव द्या, तशी शिफारस लिहितो."

श्रीधरपंतांना राहवलं नाही. "साहेब, ते घोड्याला भ्यायचे हो."

"तेच म्हणतो मी. भीत असून चव्वेचाळीस वर्षं." अधिकाऱ्यांनी शिफारस लिहिली. मग पेन थांबलं. "पहिल्या शर्यतीची तारीख कुठंय?"

तारीख नव्हती. आता खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून श्रीधरपंतांनी तोंड उघडलं, तेवढ्यात काकासाहेब शांतपणे म्हणाले, "एक जून."

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "एक जून?"

"एक जून एकोणपन्नास."

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं.

"माझी जन्मतारीखबी एक जूनच हाय," अधिकारी म्हणाले. "शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली."

"माझीबी," काकासाहेब म्हणाले.

शिक्का बसला. चषकाला नाव मिळाल्याची बातमी फुटताच आठवड्यात दुसऱ्या क्रमांकासाठी त्र्याण्णव अर्ज आले. वच्छलाबाईंनी सासऱ्यांच्या घोडीचे नऊ विजयांचा दावा मागे घेऊन त्या बदल्यात चार पराभव मागितले आहेत. श्रीधरपंतांनी पुरावा मागितला. वच्छलाबाईंनी 'समाधान'चा मागितला.

या इतिहासावर वाचकांनाही हरकत घेता येईल. अर्जासोबत आपल्या वडिलांच्या जन्मतारखेचा दाखला जोडावा. तारीख एक जून असल्यास अर्ज विचारात घेतला जाणार नाही.