माडीवरचं मधलं दार

गुंडोपंत ओव्हरसियर भिंत चाखून बघायचे. हे मी अलंकारिक अर्थानं लिहीत नाही. बाबांची साताऱ्याहून बदली झाली आणि सांगलीच्या गावभागात, नदीकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत, त्यांनी जुनं घर घेतलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि कानावर पेन्सिल अशा वेशातले एक गृहस्थ न विचारता आत आले, माजघराच्या भिंतीपाशी उकिडवे बसले, नखानं थोडा गिलावा खरवडला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटले. मग वीतभर वरचा चाखला. मग त्याच्याही वरचा. आई हातात सांडशी घेऊन बघत राहिली.

"दोन फूट चार इंच," ते म्हणाले. "इथपर्यंत ओल चढतीय. लोणा आहे, खारट लागतंय. वरची भिंत गोड आहे, तिला हात लावू नका."

आईला दुसरं काही सुचेना म्हणून तिनं चहा विचारला.

"आत्ता नको वहिनी. स्वयंपाकघराची भिंत राहिलीय, चव जाईल."

ते आमचे शेजारी होते. बांधकाम खात्यात तीस वर्षं ओव्हरसियर, त्यातली निम्मी सातारा जिल्ह्यात. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, तेव्हा त्यांनी ही गल्लीच खातं म्हणून चालवायला घेतली. प्रत्येक घराचा उंबरा नदीच्या घाटापासून किती उंच आहे, हे त्यांना पाठ होतं. कोणी विचारत नसे. त्याची त्यांना अडचण वाटत नसे.

त्यांचा एक सिद्धांत होता. "साताऱ्यात पाणी वरनं येतंय, आडवं. सांगलीत खालनं येतंय, उभं. घराला कुठल्या पाण्याशी संसार करायचाय ते आधी बघावं, मग कुदळ मारावी." आणि एक प्रश्न होता, जो ते कोणत्याही बदलाला विचारत: "गल्लीला विचारलं काय?" खिडकी मोठी करायची? गल्लीला विचारलं काय? दाराला हिरवा रंग? गल्लीला विचारलं काय? गल्लीच्या वतीनं उत्तरही तेच देत.

बाबांना घर मॉडर्न करायचं होतं. मुंबईत एका वरिष्ठ साहेबांचा बंगला त्यांनी बाहेरून पाहिला होता. त्यामुळे मोझाईकची फरशी, सिमेंटचा गिलावा आणि दारापुढे रुंद, रुबाबदार पायरी हवी होती. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळे. अर्ज इंग्रजीत केला तर लवकर हलतो अशी समजूत होती, म्हणून तो माझ्याकडे आला.

माझ्याबद्दल सांगायचं तर, पाचगणीच्या शाळेत अकरा वर्षं इंग्रजीत काढल्यामुळे मला मराठीत हसता येत असे, पण बोलायचं तर वाक्य आधी मनात दोनदा लिहून काढावं लागे. तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असे. गल्लीतल्या बायका मला शिष्ट समजत. गुंडोपंत काहीच समजत नसत. त्यांना उत्तराची गरजच नव्हती. त्यांना उंबऱ्यांची पातळी मापायच्या पाण्याच्या नळीचं दुसरं टोक धरणारं माणूस हवं होतं. लांब रबरी नळी, दोन्ही टोकांना काच, आत पाणी. ते एका उंबऱ्याशी, मी दुसऱ्याशी. पाणी स्थिर होईपर्यंत गप्प उभं राहायचं. सांगलीतलं इतकं माझ्या स्वभावाचं काम मला दुसरं मिळालं नाही.

परमिटचा अर्जही त्यांनी वाचला. "सिमेंट ओल कोंडतंय, परमिट मिळू नये अशी माझी इच्छा आहे," ते म्हणाले, "पण स्पेलिंगची चूक नको. आपल्या गल्लीची अब्रू आहे." परमिट मिळालं, पण मागितलेल्या सिमेंटच्या चौथ्या हिश्शाचंच. त्यामुळे भिंती चुन्यातच करायच्या ठरल्या, आणि शासन शेवटी आपलंच ऐकतं असा गुंडोपंतांचा समज झाला.

पायरीवरून मात्र जुंपली. सिकंदर मिस्त्री मिरजेहून सायकलवर यायचे, त्यांनी पायरीची आखणी केली होती. गुंडोपंतांनी ती पाहिली आणि घरातून बाज मागवली.

"आजारी माणूस या गल्लीतनं बाजेवरच न्यावा लागतोय," त्यांनी बाबांना सांगितलं. "तुमच्या पायरीच्या कोपऱ्यावर बाज वळत नाही. दाखवतो."

"पंत, रिकामी बाज कोणबी वळवंल," सिकंदर मिस्त्री म्हणाले. ही चूक होती.

गुंडोपंत टोपी छातीवर ठेवून बाजेवर आडवे झाले आणि डोळे मिटले. चार गवंड्यांनी बाज उचलली. आखणीच्या जागी विटा रचून ठेवल्या होत्या. तिथं बाज अडकली, मागे आली, तिरकी झाली. एवढ्यात समोरच्या माडीवरून कोणीतरी पाहिलं, आणि पाच मिनिटांत गल्लीतली सगळी दारं उघडली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. एका म्हाताऱ्या बाईंनी पंत किती चांगले होते हे सांगायला सुरुवात केली. पंत ते बराच वेळ ऐकत राहिले. मग डोळे न उघडता म्हणाले, "अजून अवकाश आहे. साहेब, पायरी नऊ इंच मागं घ्या."

बाबांनी पायरी नऊ इंच मागे घेतली. पण त्या दिवशी गल्लीभर झालेलं हसू त्यांच्या मनातून गेलं नाही, आणि त्यामुळेच पुढचं प्रकरण चिघळलं.

आमच्या माडीवर, गुंडोपंतांच्या आणि आमच्या सामाईक भिंतीत, एक ठेंगणं दार होतं. पूर्वी या गल्लीत प्रत्येक दोन घरांमध्ये असं दार असे. पुराचं पाणी चढलं की घाटाकडची माणसं माडीमाडीवरून, जमिनीला पाय न लावता, गल्लीच्या उंच टोकाला जात. कडी दोन्हीकडून. बाबांनी ठरवलं की दार बुजवून तिथं कपाट करायचं.

"गल्लीला विचारलं काय?" गुंडोपंत म्हणाले.

"माझ्या घरात तरुण मुलगी आहे. गल्लीला कशाला विचारू?" बाबा म्हणाले.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. गुंडोपंत रीतीचे पक्के. हरकत लेखी असली पाहिजे, आणि साहेबमाणसाला ती इंग्रजीत गेली पाहिजे. त्यासाठी ते माझ्याकडे आले. मी माझ्या वडिलांना, "आय बेग टु स्टेट" अशी सुरुवात करून, शेजाऱ्याच्या वतीनं अर्ज लिहिला. संध्याकाळी बाबांनी तो वाचला, उत्तर मराठीत सांगितलं, आणि मी ते इंग्रजीत उतरवून शेजारी नेऊन दिलं. तीन आठवडे दोन्ही बाजू माझ्या अक्षरात भांडत होत्या. गुंडोपंत माझीच दोन्ही पत्रं शेजारी ठेवून म्हणायचे, "तुझ्या वडिलांचं इंग्रजी कडक आहे, बाळ. आपलं जरा वाढव."

शेवटी बाबांनी हुकमी मुद्दा काढला. आमच्या पलीकडच्या भिंतीतलं दार जुन्या मालकानं कधीच बुजवलं होतं. गुंडोपंतांच्या पलीकडचंही त्यांच्या शेजाऱ्यानं बुजवलं होतं. मग पूर आला तर या दारातून जायचं कुठं? आम्ही त्यांच्याकडे, नाहीतर ते आमच्याकडे. दोन्हीकडे पाणी तेवढंच.

हे पत्र गुंडोपंतांनी उभ्यानं वाचलं. पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. चोवीस उंबऱ्यांची उंची सांगणारा माणूस एवढंच म्हणाला, "पूर आल्यावर बघू, म्हणून लिही." मग म्हणाले, "नको, राहू दे. नको लिहू."

दुसऱ्या दिवशी सिकंदर मिस्त्री चौकट काढायला माडीवर आले. पलीकडची कडी लावलेली नव्हती. त्यांनी ढकललं तशी फळी उघडली, पण फटीपुरतीच. काहीतरी आड येत होतं.

"ताई, जरा बघा वो. पंत घाटावर गेल्यात, घरात कोन न्हाई."

मी फटीतून वाकून पाहिलं. दाराला अगदी टेकून एक खुर्ची होती, पाठ दाराकडे. बैठकीच्या उशीला खोल खळगा पडला होता. शेजारी तिपाईवर कालचा पेपर आणि एकच कपबशी. एवढ्या मोठ्या माडीत, खिडकीपाशी उजेडात जागा असताना, खुर्ची या अंधाऱ्या कोपऱ्यात होती. त्याच वेळी आमच्या खाली आईनं फोडणी दिली आणि ती बाबांना काहीतरी सांगून हसली. ते सगळं त्या खुर्चीपाशी स्पष्ट ऐकू येत होतं.

सिकंदर मिस्त्रींनीही पाहिलं. "वैनी जाऊन सा वरसं झाली त्यास्नी," ते म्हणाले. "ल्योक तिकडं कलकत्त्याला." मग त्यांनी दार हळूच ओढून घेतलं. "चौकट लय घट्ट हाय, ताई. आज न्हाई निघायची." चौकटीला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता.

संध्याकाळी बाबांनी शेवटचं पत्र सांगितलं: हरकत अमान्य, दार बुजवण्यात येईल. मी ते लिहिलं. मग दुसरं एक लिहिलं, जे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. दुसऱ्यात होतं की, दार ठेवण्यास संमती आहे. मात्र दार जुनं असल्यानं अर्जदारानं स्वतः आमच्या बाजूला येऊन रोज सायंकाळी पाच वाजता त्याची तपासणी करावी आणि शेरा लिहावा.

बाबांनी दोन्ही वाचली. चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे पाहिलं. मी मनात एक वाक्य तयार करत होते.

"खुर्ची दाराला लावलीय त्यांनी," मी म्हटलं. "आपलं ऐकायला."

बाबांनी दुसऱ्या पत्रावर सही केली. कपाट माझ्या खोलीत आलं.

पहिल्या दिवशी बरोबर पाचला माडीवर टकटक झाली. गुंडोपंत वाकून आत आले. कोट, टोपी, सगळा पोशाख. बिजागरीला तेल दिलं, कडी चार वेळा लावून काढली, ओळंबा धरून चौकट तपासली. मग आईनं चहा आणला. या वेळी ते नको म्हणाले नाहीत. बाबाही वर आले आणि दोघं मोझाईकवरून वाद घालू लागले. सहा वाजून गेले.

पंत उठताना मी शेऱ्याची कोरी वही पुढे केली आणि पेन उघडून बसले, ते सांगतील ते लिहायला.

"दे इकडं," ते म्हणाले. "आज मी लिहितो."

ते गेल्यावर मी वाचलं. ओव्हरसियरच्या टोकदार अक्षरात, तारखेखाली, दोन ओळी होत्या:

दार सुरळीत उघडते.
पलीकडे माणसे आहेत.