हिरव्या हातांचं झाड

चार वर्षांच्या पोराचा तळहात व्हर्नियर कॅलिपरने मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. व्हर्नियर म्हणजे मिलिमीटरच्याही आतलं मोजणारं पोलादी यंत्र. इतर लोक खिशात पेन ठेवतात, तसं आमचे देशकर ते ठेवायचे. डिसेंबरच्या थंडीत ते गारठून जायचं, म्हणून पोराच्या हाताला लावण्याआधी देशकर ते स्वेटरवर खसाखसा घासून घ्यायचे आणि म्हणायचे, "हाथ खोल बेटा, हिलना मत." पोरं गुदगुल्या झाल्यासारखी हसायची. हलायचीच.

देशकर मूळचे वर्ध्याचे. चंदीगडला सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत ते आणि आमचे हे एकाच विभागात होते, आणि आमची क्वार्टर्स समोरासमोर. त्यांचा आवडता प्रश्न एकच, "टॉलरन्स किती?" म्हणजे माप थोडं चुकलं तर किती चुकलेलं चालेल. मी चहाला साखर विचारली की हा प्रश्न. पोळी वाढली की ती ताटात फिरवून पाहायचे आणि म्हणायचे, "वहिनी, एका बाजूनं जरा अंडाकृती होऊन राहिली, पण टॉलरन्समध्ये आहे." दुसऱ्या कुणाला मी लाटणं दाखवलं असतं. देशकरांना दुसरी पोळी वाढायचे, कारण त्यांच्या घरी पोळी लाटणारं कुणी नव्हतं.

ते पंजाबातले दहशतवादाचे वाईट दिवस होते. रात्रीच्या बातम्या ऐकून लोक दाराची कडी दोनदा तपासायचे. बदलीवर आलेल्या कितीतरी घरांनी बायकामुलं गावी पाठवली होती. देशकरांची बायको सुनंदा आणि मुलगी चिनू दोन वर्षांपूर्वी नागपूरला सुनंदाच्या माहेरी गेल्या, त्या तिथेच राहिल्या. सुट्टीत त्या येणार, असं दर वेळी ठरायचं. मग बातम्यांत काहीतरी यायचं, आणि देशकरांचे सासरे म्हणायचे, एवढ्यात नको.

मी कॉलनीच्या हॉलमध्ये बालवाडी चालवायचे. आमच्या बालवाडीत नाताळ का, असं माझ्या सासूबाईंनी सांगलीहून विचारलं होतं. कारण सोपं होतं. सगळ्या आईबापांना पोरं पुढे कॉन्व्हेंटात घालायची होती आणि सांताक्लॉज ओळखता येणं ही त्याची पूर्वतयारी समजली जायची. मलाही ते सोयीचं होतं. कापूस चिकटवला की दाढी होते, काडेपेटीला चमकीचा कागद लावला की भेटवस्तू होते, आणि पोरांच्या हातांना हिरवा रंग फासून मोठ्या कागदावर उलटे ठसे मारले की झाड होतं. खाली रुंद रांग, वर निमुळती, आणि टोकाला एकच हात. चिनू बालवाडीत होती त्या वर्षी टोकाचा हात तिचा होता. वडिलांच्या खांद्यावर बसून तिनं तो मारला होता आणि उरलेला रंग त्यांच्या केसांना पुसला होता.

ती गेल्यावरही देशकर डिसेंबर लागला की बालवाडीत हजर. मी चांदण्यांसाठी भेंडीचे ठसे करायचं म्हटलं. ऐन थंडीत त्या बाजारात भेंडी कुठली? देशकरांनी जुन्या हवाई चपलेचं रबर कापून चांदणी केली. पाचही टोकं अगदी सारखी. पोरांनी ती कागदापेक्षा एकमेकांच्या कपाळांवर जास्त मारली. "टॉलरन्सच नाही ना बाप्पा या पोट्ट्यांना!" असं म्हणत देशकरांनी स्वतःचंही कपाळ पुढे केलं.

एकदा ते स्कूटरवरून सामान आणत असताना चौकातल्या नाक्यावर जवानांनी पिशवी उघडायला लावली. आत काडेपेट्या, तार, बॅटरीचे सेल आणि कापसाचा गठ्ठा. त्या दिवसांत एवढ्या सामानावर माणूस आत जायचा. "यह क्या है?" जवानानं बंदूक सावरत विचारलं.

"सांताक्लॉज," देशकर म्हणाले.

त्यांचं नशीब की आमचे हे मागून आले आणि त्यांनी ओळख पटवली. तोवर देशकरांनी वाळूच्या पोत्यावर पुठ्ठा ठेवून जवानाला दाढी चिकटवून दाखवली होती. घरी येऊन तक्रार काय, तर डोळे जवानानं काढले आणि दोन्हींत अंतर फार ठेवलं.

चिनू गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यांचं हात मोजण्याचं खूळ भलतंच वाढलं. बालवाडीतल्या पोरांचे हात मोजणं त्यांनी सोडूनच दिलं. त्यांना घरी न्यायला जे थोरले दादा-ताई यायचे, पहिली-दुसरीतले, त्यांना दारात अडवून ते मोजायचे. मनगटापासून मधल्या बोटापर्यंत, मग रुंदी, मग अंगठा. "अंकलजी, दस्ताने बना रहे हो?" हातमोजे विणणार असतील असं वाटून एका मुलीनं विचारलं. कॉलनीतल्या बायका हसायच्या. मीही हसायचे. एकटा माणूस, डोकं कुठेतरी चालवणारच, असं मी ह्यांना म्हटलं.

नाताळात सुनंदा आणि चिनू नक्की येणार होत्या. तिकिटं काढलेली होती. देशकरांनी पडदे धुतले आणि माझ्याकडून मऊ भाताची कृती दोनदा विचारून घेतली. कॉलनीत फोन आमच्याकडे होता, त्यामुळे नागपूरचा कॉल आला तो मीच घेतला. सुनंदाचा आवाज दबलेला होता. देशकर आले, उभ्यानंच ऐकत राहिले. "हो. बरोबर आहे. पोरीला घेऊन रिस्क कशाला? मे महिन्यात पाहू." फोन ठेवला, आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी झाड करायचं होतं. पोरं आदल्या वर्षीपेक्षा कमी होती, म्हणून एकेकाला दोन-दोन ठसे मारायला लावले. टोकाची जागा उरली. आदल्या वर्षी देशकरांनी ती रिकामीच ठेवायला लावली होती. या वेळी मी हॅपीला, आमच्या सर्वांत धिटुकल्या सरदार पोराला, उचलायला गेले.

"थांबा वहिनी."

त्यांनी खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. चपलेच्या रबराचा कापलेला एक हात. पाच बोटं, अंगठा जरा बाहेर कललेला, कडा कानशीनं घासून मऊ केलेल्या.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"चिनूचा. जाताना तिचा हात मोजला होता मी. आता तिच्या वयाची पोरं मोजून पाहिली, हात वर्षाला किती वाढतो ते. त्या हिशेबानं केला."

हॅपीनं आपला रंगलेला पंजा त्या रबरावर ठेवून पाहिला. "अंकल, यह तो मेरे से बड़ा है!"

"हो ना," देशकर मराठीतच म्हणाले. "मोठी झाली ती."

मग त्यांनी रबराला हिरवा रंग लावला, स्टुलावर चढले आणि टोकाला तो हात दाबला. बराच वेळ दाबून धरला. मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी त्यांचाच प्रश्न विचारला.

"भाऊजी, टॉलरन्स किती?"

ते स्टुलावरून उतरले. खिशातलं व्हर्नियर काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवून दिलं.

"किती का असेना, वहिनी," ते म्हणाले. "तिनं येऊन हात ठेवून पाहावा फक्त."